गल्लीतले परराष्ट्रमंत्री

"अगं, ऐकलंस का? समोरच्या अण्णांनी परत खासदाराला पत्र टाकलंय."

काकूंची बातमी द्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी मथळा, मग भिंतीवर कोपर, मग तपशील, आणि तपशील संपत आले की "मला काय करायचंय म्हणा". आमच्या दोन बंगल्यांमधली भिंत बिल्डरने बरोब्बर कोपर टेकण्याच्या उंचीची बांधली. त्या माणसाने नाशिकसाठी एवढं एकच चांगलं काम केलं.

"रस्त्याबद्दल लिहिलं का?"

"रस्ता कसला! रस्त्याबद्दल असतं तर मीच जाऊन सही केली असती. परदेशी व्यापाराबद्दल. लोकसभेत प्रश्न विचारा म्हणे. त्यांच्या माई सांगत होत्या, मोरीतला नळ गळतोय, तिकडे बघायला वेळ नाही आणि हे तांबड्या समुद्रात."

अण्णांना 'परराष्ट्रमंत्री' हे नाव काकूंनीच ठेवलं. सगळी नोकरी मार्केट यार्डात हिशेब लिहिण्यात गेली. पासपोर्ट काढलेला नाही. परदेशवारी म्हणाल तर एकदा पशुपतिनाथ, आणि तिथे पासपोर्ट लागत नाही. असा माणूस सकाळी पेपर उघडला की आधी आतलं जगाचं पान काढतो, म्हणून गल्ली हसायची. मीही हसायचे. कांदा झाला आणि हसणं जरा आवरतं घेतलं.

"कांद्याच्या वेळी बाकी खरं बोलला हं माणूस," काकूंनी स्वतःच विषय काढला.

ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. सगळी गल्ली चंद्रयान कधी उतरतंय याच्या नादात होती, आणि शनिवारी संध्याकाळी अण्णा फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. कुणाला काही वाटलं नाही. सोमवारी लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, तेव्हा भाचेजावयांचा फोन आला आणि काकूंना ती शनिवारची संध्याकाळ आठवली. पुढे ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरलं, ८ डिसेंबरला सरळ बंदीच आली.

"मी अण्णांना विचारलं, तुम्हाला आधी कसं कळतं हो? मला वाटलं, यार्डातला कुणी जुना व्यापारी फोन करत असेल. तर म्हणाले, परकीय व्यापार महासंचालनालय म्हणून एक ऑफिस आहे, त्याच्या अधिसूचना सगळ्यांना वाचायला मोकळ्या असतात. लपवाछपवी नाही. फक्त वाचायला जात कुणी नाही. आता तूच सांग, मोकळी पडलेली गोष्ट आपण कधी न वाचता सोडतो का? शेजाऱ्यांच्या लग्नाची पत्रिका चुकून आपल्या पेटीत आली तर?"

"ती उघडीच असते काकू."

"हो ना. मग ही पण उघडीच."

त्या बंदीतली सर्वात रसभरित गोष्ट पुढे होती. बंदी म्हणजे सगळ्यांना बंदी, असं आपण समजतो. तसं नसतं. एखाद्या देशाच्या सरकारने आपल्या सरकारकडे शब्द टाकला तर तेवढ्यापुरतं दार किलकिलं होतं. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा पाठवायला मुभा मिळाली. भूतान, बहारीन, मॉरिशस हेही यादीत होते, पुढे श्रीलंका आली. माल पाठवायचा तो एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत.

"म्हणजे वशिला," काकू म्हणाल्या. "सरळ म्हणा ना. आणि एप्रिलात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची परवानगी दिली, तेव्हा आपल्याकडे काय आग लागली होती! आमचे जावई ताटावरून उठले."

जावई ताटावरून का उठले ते मला माहीत आहे, त्यात कांद्याचा भाग थोडा आणि सासूबाईंचा जास्त होता, पण ते इथे नको. बंदी उठली ४ मेला. नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. तरी ४० टक्के शुल्क राहिलंच, सप्टेंबरात ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. मधल्या काळात दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्रीच पडल्या. परराष्ट्र धोरणावर मतदार कधी मत देत नाही, असं टीव्हीवरचे लोक म्हणतात. निफाड-चांदवडच्या बाजूला फिरून यावं त्यांनी.

"आणि ती शेख हसीनाची गोष्ट सांगितली का तुला अण्णांनी?"

सांगितली होती, पण काकूंच्या तोंडून परत ऐकण्यात मजा असते. २०१९ च्या सप्टेंबरात आपण अचानक कांदा बंद केला. ऑक्टोबरात बांगलादेशच्या पंतप्रधान हसीना दिल्लीत आल्या आणि व्यापाऱ्यांच्या बैठकीत हसत हसत, चक्क हिंदीत म्हणाल्या की मी माझ्या आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय; बंद करायचा होता तर जरा आधी कळवायचं होतं. एवढ्या मोठ्या बाईने भरसभेत भाजीवरून टोमणा मारला.

"असा टोमणा मारला ना, तर समजायचं आतून जळतंय," काकू म्हणाल्या. या विषयातल्या त्या अधिकारी व्यक्ती आहेत. "मग त्यांनीही ठरवलं असणार, रोज उठून यांच्या दारात कशाला उभं राहायचं? लावतो आमचा आम्ही. आणि आपल्या विदर्भाच्या संत्र्यावर कर चढवत नेला तो वेगळाच. किलोला २० टका होता तो ८८ वर नेला म्हणे २०२३ पर्यंत. कांद्याचा राग संत्र्यावर."

कांद्याचाच राग की त्यांच्या तिजोरीतला डॉलरचा खडखडाट, यावर मतं वेगवेगळी आहेत. अमरावतीच्या बागाईतदाराला मात्र कारण कुठलंही असलं तरी भाव तोच मिळतो. मला एवढंच दिसतं की 'आंतरराष्ट्रीय घडामोडी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लाल गालिचा आणि हस्तांदोलन येतं, आणि प्रत्यक्षात त्या संत्र्याच्या पेटीत बसून जातात-येतात.

"पण काकू, तुम्ही तर अण्णांना नावं ठेवायला सुरुवात केली होती."

"ठेवणारच. कॉलनीच्या ग्रुपवर परवा काय केलं त्यांनी, पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. कुणीतरी ते युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचं जुनंपुराणं प्रकरण परत टाकलं. २००८ पासून ते फिरतंय, युनेस्को असली स्पर्धा भरवतच नाही. पंचवीस जोडलेले हात, अंगठे, फुलं पडल्यावर अण्णांनी तीन ओळी लिहिल्या: बातमी कोणत्या तारखेची, मूळ कागद कुठे आहे, तुम्हाला कुणी दिली. ग्रुप थंड. दोघे बाहेर पडले. एकाने 'देशद्रोही' असं लिहून पुसलं, पण पुसायच्या आधी काकूंनी वाचलं होतं.

"मला त्यांचं चुकलं असं नाही वाटत," काकू जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "आपण स्थळाची चौकशी करतो तेव्हा काय करतो? मुलगा अमेरिकेत आहे म्हणाले की मान डोलावतो का? कुठल्या गावात, कंपनीत नक्की काय काम, व्हिसा कुठला, आधीच्या घरमालकाशी पटत होतं का, सगळं काढतो. मुलाची आई जे सांगते ते सोडून इतर तिघांना विचारतो. आणि युक्रेन आलं की जो टीव्हीवर ओरडेल त्याचं खरं! तिथे का नाही चौकशी?"

या वाक्यापुढे मला बोलायला काही उरलं नाही. रात्री नऊ वाजता आठ खिडक्यांत आठ माणसं एकमेकांवर ओरडतात, ते बघून आपण जगाशी जोडलेले आहोत असं वाटणारे आमच्या घरातही एक आहेत. त्यांना होर्मूझची सामुद्रधुनी नकाशावर दाखवा म्हटलं तर रिमोट शोधू लागतात. अण्णा टीव्ही बघत नाहीत. त्यांची रीत उलटी: सगळं जग उचलायचं नाही, आपल्या अंगाला लागलेला एखादा धागा धरायचा आणि तो सोडायचा नाही. यार्डात आयुष्य गेल्यामुळे त्यांनी शेतमाल धरला.

"मग पत्राचं काय? खासदार वाचतात तरी का?"

"तेच मी विचारलं. तर मला संसद शिकवली. उभ्या उभ्या, भाजीवाल्यासमोर."

भाजीवाल्यासमोर झालेला तो तास काकूंनी मला जसाच्या तसा दिला. लोकसभेत रोज २० प्रश्न तोंडी उत्तरासाठी लागतात, त्यांना तारांकित म्हणतात, आणि २३० लेखी उत्तरासाठी. नंबर चिठ्ठ्या टाकून लागतो. खासदाराला निदान पंधरा दिवस आधी प्रश्न द्यावा लागतो, म्हणून अण्णा अधिवेशनाच्या तारखा लागल्या की लगेच लिहितात, सुरू झाल्यावर नाही. आणि 'निर्यातीकडे लक्ष द्यावे' असं गुळमुळीत लिहीत नाहीत. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कोणत्या देशाला किती टन, कोणाच्या विनंतीवरून, असं मोजून मागतात. लेखी उत्तर आलं की ते कायमचं कागदावर राहतं, मंत्री बदलले तरी.

"आणि लागला का कधी नंबर?"

"त्यांनी पाठवलेला जसाच्या तसा नाही. पण तशाच विषयावर दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला आलेलं उत्तर छापून आणून मला दाखवलं. मी म्हटलं, अहो हे तुमचं नाही. तर म्हणे, उत्तर कुणाचं का असेना, माहिती आपली आहे. आता या माणसाला काय बोलायचं?"

माहिती अधिकाराचाही प्रयोग झाला होता. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. कोणत्या खात्याला ते विचारू नका. उत्तर आलं की ही माहिती दिल्याने परदेशाशी असलेल्या संबंधांना बाधा येईल, कलम ८(१)(अ). माईंनी हे वाचलं आणि आठवडाभर शेजारणींना सांगत फिरल्या, की आमच्या ह्यांच्यामुळे दोन देशांचे संबंध बिघडणार होते, थोडक्यात वाचले. नवऱ्याचं असं कौतुक त्यांनी चाळीस वर्षांत केलं नव्हतं.

मी म्हटलं, "काकू, तुम्ही अण्णांची बाजू घ्यायला लागलात."

"बाजू नाही गं. पण आमच्या पिंपळगावच्या पुतण्याची द्राक्षं. ते कसं विसरू?"

द्राक्षाचं दुखणं कांद्यापेक्षा नाजूक. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. वेलीची पानफुटी आटोक्यात ठेवायला बागाईतदार सीसीसी वापरायचे, क्लोरमेक्वाट क्लोराइड. तिकडे त्याच्या अंशाची मर्यादा अगदी कडक होती आणि इकडे तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. बंदरात उभा माल कुणी घेईना. त्या वर्षी पुतण्याच्या घरात कुणी द्राक्ष खाल्लं नाही, असं काकू सांगतात. नंतर यादी सुधारली, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासण्या कडक झाल्या, निर्यात परत वाढली. पण तो घाव पुतण्याच्या हिशेबाच्या वहीत अजून आहे.

"अण्णा म्हणतात, आता अशी गोष्ट आधी कळू शकते. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशाला नियम बदलायच्या आधी बाकीच्यांना सांगावं लागतं, आणि साधारण साठ दिवस हरकतीला देतात. ई-पिंग नावाची सोय आहे. आपण नाव नोंदवायचं, द्राक्ष आणि युरोप असं निवडायचं, की मेल येते. फुकट. पुतण्याने नोंदवलंय. त्याच्या बागाईतदार मंडळींपैकी कितीजणांना ठाऊक आहे विचार."

"किती?"

"मला काय करायचंय म्हणा."

हरकत मात्र शेतकऱ्याला थेट जिनिव्हाला धाडता येत नाही, ती आपल्या सरकारच्या चौकशी कक्षामार्फत जाते. तिथेही पत्रच लिहावं लागतं, आणि निर्यातदार संघाचा शिक्का असला तर बरं. एकट्या अण्णांच्या पत्रापेक्षा शंभर बागाईतदारांचं वजन जास्त पडतं, हे अण्णाही कबूल करतात, जरा नाराजीने.

नियम कळतील, पण सगळंच आधी कळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हौथींनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज पळवलं, आणि जानेवारीत आपली द्राक्षं निघाली तेव्हा जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून चालली होती. रोटरडॅमला पोचायला दोन आठवडे जास्त, भाडं वाढलेलं, माल नाशवंत. पुतण्या तोवर हौथी म्हणजे कोण हेही जाणत नव्हता. नंतर मात्र त्यांचा रोजचा मुक्काम कुठे आहे ते भूगोलाच्या मास्तरपेक्षा चांगलं सांगायचा.

मी विचारलं, "पण काकू, व्यापाराचं ठीक. जिथे आपलं काही अडकलेलं नाही, तिथे लक्ष का घालावं?"

काकू सरळ उभ्या राहिल्या. चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारला होता मी. त्यांचं माहेर सोलापूर.

"डॉक्टर कोटणीसांचं काय अडकलं होतं चीनमध्ये? सत्तावीस वर्षांचा मुलगा. जपानने चीनवर हल्ला केला होता, काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले. त्यात आमचे द्वारकानाथ कोटणीस आणि तुमच्या नागपूरचे चोळकर. पैसा कुठून आला? लोकांनी वर्गणी दिली. देश स्वतःच पारतंत्र्यात आणि लोक चीनसाठी पैसे काढतायत! बाकीचे परत आले, हे तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. पुढेही चीनचे मोठे पाहुणे आले की त्यांच्या घरच्यांना भेटायचे ते उगीच?"

नागपूर माझं नाही, सासरचं आहे, पण मध्ये बोलण्याची ही वेळ नव्हती. एवढं मात्र मनात आलं की त्या वर्गणीदारांना कुणी 'तुम्हाला काय करायचंय' म्हटलं नसेल का? म्हटलंच असेल. सोलापुरातही भिंती होत्या.

याच ओघात काकूंनी पालघरचं सांगितलं. डहाणू-तलासरीचे लोक गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, समुद्रात रेघ आखलेली नसते, बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची यंत्रणा धरते आणि माणूस कराचीच्या तुरुंगात. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांचा आकडा वेगळा असतो. मे २०२५ मध्ये दोन्हीकडून क्षेपणास्त्रं उडाली, तरी १ जुलैला याद्या दिल्या गेल्या. अण्णा त्या दोन तारखांना आकडा वहीत उतरवतात. त्यांचं त्या बाजूला कुणी नाही.

"यादी आली की आकडा कमी झाला का बघतात. झाला असला तर माईंना चहा टाकायला सांगतात," काकू म्हणाल्या, आणि लगेच स्वतःला सावरून, "नळ तेवढा नाही बघत."

आता मी माझं काम काढलं. खरं तर त्यासाठीच भिंतीपाशी आले होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला आखातात नोकरी लागतेय, असं एक एजंट सांगतोय. दीड लाख मागितलेत. मावशींनी पोत गहाण ठेवायची ठरवलीय.

"कुठल्या व्हिसावर?" काकूंनी विचारलं. अण्णांची संगत लागलीच आहे.

"आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं म्हणे, तिथे गेल्यावर कामाचा करून देतील."

"झालं! मुलगा दहावी नापास ना? मग त्याचा पासपोर्ट तो वेगळा, परवानगी लागणारा. अठरा देश आहेत असे, अमिराती, कुवेत, सौदी सगळे त्यात. तिथे कामाला जायला सरकारची मंजुरी हवी. टुरिस्ट म्हणून पाठवलं की मंजुरी टळते, आणि उद्या पगार दिला नाही तर आपला माणूस तिथे कामाला आहे हे कागदावर कुठेच नाही. कुवेतला मंगफच्या इमारतीत २०२४ च्या जूनमध्ये आग लागली, चाळीसहून जास्त आपली माणसं गेली. त्यांचे तरी कागद होते म्हणून कंपनी सापडली."

हे सगळं काकूंना कुठून कळलं ते विचारायची गरज नव्हती. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. १९८३ च्या कायद्याखाली त्याला नोंदणी लागते, आणि कामगाराकडून तो ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. दीड लाख कुठल्या हिशेबात बसत नाहीत. आणि मुलगा आधीच गेला असता आणि अडकला असता, तर परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे, तिथे घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

"मावशींना म्हणावं, त्याला नोंदणीचा नंबर विचार. फक्त नंबर. बाकी काही बोलायचं नाही."

"विचारला होता काल. नंबर माझ्या साहेबाकडे असतो म्हणाला."

"आणि साहेब?"

"साहेब दुबईला."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि रस्त्यापलीकडे तोंड करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली: "अहो अण्णा! चप्पल घाला आणि या बरं इकडे, तुमच्या खात्यातलं काम आलंय. आणि येताना चष्मा आणा, त्या मेल्याचं कार्ड वाचायचंय!"